काळी चारचा गळा

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. कुणी विचारलं, "त्या बाई गाणं सोडून का गेल्या हो?" तर माझं उत्तर ठरलेलं होतं, "गळा बसला त्यांचा." हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं की आता दारव्ह्यातली जुनी माणसं ते एकमेकांना सांगतात, आणि कधीकधी मलाच सांगतात.

मागच्या गणपतीत एका मंडळानं माझा सत्कार केला. एका तरुणानं कागदावरून वाचून दाखवलं, "जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका मजूर बाईचा गळा मास्तरांनी काळी चारवरून काळी पाचवर नेला." टाळ्या झाल्या. मी हात जोडले. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, दगदग झाली असेल. दगदग नव्हती. ते वाक्य खोटं आहे आणि ते मीच तयार केलेलं आहे. गळा बसला हेही खोटं आहे. बाईंचा गळा कधीच बसला नाही. माझं वय आता नव्वदीला टेकलं आहे, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

छप्पन साली आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि चार वर्षांनी महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, राज्यं मात्र तीन झाली. त्याच छप्पन सालच्या कापसाच्या हंगामात मी बाईंना पहिल्यांदा ऐकलं. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. बाजाराच्या रस्त्यावर माझं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या हार्मोनियम माझ्याकडे यायच्या, कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पेटीत उंदरानं घर केलेलं. थोडंफार शिकवायचोही, म्हणून लोक मास्तर म्हणत.

एका दुपारी क्लॅरिनेटवाले चाचा दुकानात आले. चाचा मूळचे कामठीचे. तिथल्या लष्करी छावणीच्या बँडमध्ये वीस वर्षं वाजवून निवृत्त झाले आणि दारव्ह्याला जावयाकडे राहायला आले. जावई कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होता. चाचा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे आणि उरलेला वेळ जिनिंगच्या फाटकाशी लिंबाखाली बसायचे.

"मास्तर, ठेव ते पेचकस. चल माह्यासंगं."

"कुठं, चाचा?"

"जिनिंगमधी. एक बाई गाऊन राह्यली तिथं. कामठीत असती तं साहेबानं टोपी काढली असती."

जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडलेले होते आणि बाया ओळीनं बसून त्यातला पिवळा, किडका कापूस वेगळा करत होत्या. एक बाई गात होती आणि बाकीच्या तिची ओळ उचलत होत्या. भाषा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, गोरबोली, मला अर्धीच कळत होती. पण ओळ एकच होती. ती बाई दर वेळी तीच ओळ वेगळ्या वाटेनं नेत होती. कधी शब्द उशिरा सोडायची, इतका उशिरा की आता चुकली असं वाटायचं, आणि नेमकी जागेवर येऊन टेकायची. हात मात्र कापसातून निघत नव्हते.

चाचा म्हणाले, "छावणीच्या क्लबात लढाईच्या वक्ताले कलकत्त्याहून एक काळी मेम आलती. ती असंच गाये. एक ओळ घेये अन् हर बार वाकडी करून परत देये. साहेब लोक त्याले जाझ म्हणत. मी समजत होतो हे शिकवाले विलायतेत जा लागते. ही तं कापूस निवडून राह्यली!"

बाई तांड्यावरच्या, विधवा, वयानं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. चाचांनी त्यांच्या भावाला भेटून, जावयाला मध्ये घालून, दोन महिन्यांत त्यांना आमच्यात आणलं. चाचांची क्लॅरिनेट, लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला, माझी पेटी आणि मायक्रोफोनसमोर बाई. अशी पार्टी त्या भागात कुणी पाहिली नव्हती. बँड होते, भजनं होती, कव्वाल होते. बँडबरोबर बाई गाते हे नवं होतं, आणि तीही अशी गाते हे त्याहून नवं.

पहिला कार्यक्रम एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लग्नात झाला, दुपारच्या पंगतीनंतर. बाईंनी दुसरीच ओळ फिरवली तेव्हा मांडवातून एक जण ओरडला, "ओ बाई, सरळ गा ना! पिऊन आल्या काय?"

बाईंनी माईक सोडला नाही. ड्रमच्या ठेक्यावरच म्हणाल्या, "सरळ तं तुमची बैलबंडी बी चालत नाई, दादा. तिले काय पाजता?"

सगळा मांडव हसला आणि तो माणूस पुढे येऊन शेवटपर्यंत बसला. तेव्हापासून लोक त्याला "वाकडं गाणं" म्हणू लागले. सुपारी द्यायला आलेला माणूस सांगायचा, "ते वाकडंवालं पाह्यजे आमाले."

आमची गाणी साधी असत. काही बाईंनी तांड्यावरून आणलेली, काही चाचांनी जुळवलेली. एका गाण्यात ओळ होती, "बाभळीबाई, बाभळीबाई, सावली दे गं जराशी." बाभळीची सावली ती काय असणार! बाई ही ओळ पहिल्यांदा मागणं मागितल्यासारखी म्हणायच्या, मग भांडल्यासारखी, मग थट्टेनं, आणि शेवटी "जराशी" हा शब्द इतका लांबवायच्या की ऐकणाऱ्याला तहान लागावी. चाचा क्लॅरिनेटवर उत्तर द्यायचे. मी फक्त स्वर धरून बसायचो. माझं काम तेवढंच होतं आणि ते मला टोचायचं, हे इथं लिहिलं पाहिजे. दुकानाची पाटी माझी, पार्टीची बोलणी मी करायचो, आणि लोक बघायचे ते बाईंकडे आणि चाचांकडे.

चार वर्षांत आम्ही यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे सगळीकडे फिरलो. बाईंनी जिनिंग सोडलं. दारव्ह्यात खोली घेतली. वर्तमानपत्रात दोनदा नाव आलं. दुर्गोत्सवात यवतमाळला बाईंचं गाणं असलं की आजूबाजूच्या गावांतून बंड्या येऊन उभ्या राहायच्या.

आता पट्टीविषयी सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

पेटीवर प्रत्येक सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. बाईंची काळी चार. ही काही मानाची किंवा अपमानाची गोष्ट नाही, ज्याचा त्याचा गळा जिथं बसतो तिथं तो गातो. पण आमच्याकडे मंडळांच्या लोकांना हा आकडा म्हणजे बैलांच्या जोडीसारखी मिरवायची गोष्ट वाटायची. लाऊडस्पीकर नसतानाच्या काळात उंच गाणाऱ्याचा आवाज मागच्या माणसापर्यंत जायचा, त्यामुळे उंच पट्टी म्हणजे मोठा गाणारा, असं डोक्यात बसलेलं. बोलणी करायला आलेला माणूस आधी विचारायचा, "बाई कितीत गाते?" अमरावतीकडची एक नवी पार्टी निघाली होती, त्यांच्या बोर्डावर लिहिलेलं असे, "काळी पाच". एका हंगामात आमची दोन-तीन ठरलेली कामं तिकडे गेली. एका मंडळाचा अध्यक्ष मला तोंडावर म्हणाला, "तुमची बाई बरी गाते मास्तर, पण चारच हाय ना."

मी बाईंना म्हणालो, "पाचमध्ये गाऊन पाहा."

"माहा गळा चारचा हाय, मास्तर. वर नेला तं फाटन."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते कळत होतं.

मग मी एक दिवस दुकान आतून लावून घेतलं आणि पेटी उघडली. पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेचा एक सूर असतो, दोन छोट्या स्क्रूंनी आपल्या घरात बसवलेला. मी प्रत्येक सूर काढून दोन घरं उजवीकडे बसवला. डावीकडे मोकळ्या राहिलेल्या दोन घरांत एका मोडक्या पेटीतले दोन जाड सूर घातले. घरं थोडी लहानमोठी असतात, त्यामुळे कानस चालवावी लागली. काम चोख झालं. आता काळी पाच दाबली की आवाज जुन्या काळी चारचा यायचा. बाहेरून पेटी होती तशीच.

दुसऱ्या दिवशी रियाजाला बाई आल्या. मी म्हणालो, "आज पाच दाबा, जमेल."

त्यांनी दाबली. घाबरत सुरुवात केली. नेहमीचा सा लागला, नेहमीच्या जागा आल्या, वरचा मध्यमसुद्धा आला. त्या थांबल्या. पेटीकडे पाहिलं, आपल्या बोटाकडे पाहिलं.

"मास्तर, खरंच पाच हाय हे?"

"तुम्हीच तर दाबली ना बाई."

त्यांना रडूच आलं. चार वर्षं मास्तर मागं लागले म्हणून गळा वाढला, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तांड्यावरून त्यांच्या याडीनं, म्हणजे आईनं, माझ्यासाठी लापशी करून पाठवली. मी ती खाल्ली.

चाचांना फसवणं शक्य नव्हतं. क्लॅरिनेटमधले सूर कुणाला हलवता येत नाहीत. पहिल्याच बैठकीला त्यांनी दोन ओळी वाजवल्या आणि वाद्य तोंडातून काढलं. बाई पाणी प्यायला बाहेर गेल्यावर म्हणाले, "पेटी पाच म्हणते, अन् माही बोटं चार म्हणतात. खोटं कोण बोलून राह्यलं, मास्तर?"

मी त्यांना सांगितलं. कामं जात होती, बाईंचाच फायदा आहे, लोकांना नुसता आकडा हवा आहे. चाचांनी क्लॅरिनेटची जीभ, तोंडात धरायची वेताची पट्टी, पुसून घेतली.

"लोकायले खोटं सांग तू, मी काई म्हणत नाई. बोर्डावर काळी पन्नास लिही. पण तिले काहून सांगतलं? तिले सांग, अन् आजच सांग."

"सांगतो, चाचा."

"कवा?"

"एवढा हंगाम होऊ द्या."

हंगाम झाला. बोर्ड रंगवून घेतला होता, त्यावर "काळी पाच" मोठ्या अक्षरांत होतं. आणि मला अपेक्षा नव्हती असं एक झालं. लोक म्हणू लागले की मास्तरांनी बाईला चारवरून पाचवर नेलं. बाई स्वतःच माईकवरून तसं सांगायच्या, माझ्याकडे हात करून. मुलींचे वडील माझ्याकडे येऊ लागले, आमच्या पोरीला शिकवा म्हणून. दुकानामागची खोली मी शिकवणीसाठी साफ करून घेतली. आता मला बाईंना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं होतं.

चाचांचे समोरचे दोन दात पडले आणि क्लॅरिनेट सुटली. ते कामठीला दुसऱ्या लेकीकडे गेले. निघताना त्यांनी मला फक्त विचारलं, "सांगतलं?" मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे त्यांनी विचारलं नाही. वर्षभरात ते गेल्याची बातमी आली.

एकसष्ट की बासष्ट साल असेल, नागपूरच्या रेडिओ केंद्राकडून बाईंना आवाजाच्या परीक्षेचं पत्र आलं. अर्ज मीच भरला होता, बरेच दिवस आधी. त्या काळी रेडिओवर यायचं म्हणजे काय होतं हे आज सांगून कळणार नाही. लग्नातली गाणारी बाई आणि रेडिओवरची गायिका यांत अंतर होतं. बाईंच्या भावजया त्यांना "बँडवाली" म्हणून टोमणे मारायच्या. बाई म्हणाल्या, "एक खेप रेडिओत लागली ना मास्तर, मंग भावजयच सांगन लोकायले, आमची नणंद हाय म्हणून."

एक गोष्ट माझ्या ध्यानात होती, आणि ती नव्हती असं मी म्हणणार नाही. रेडिओवर तेव्हा पेटीला मनाई होती. तंबोरा आणि तबला त्यांचाच. म्हणजे माझी पेटी तिथं जाणार नव्हती. यवतमाळहून नागपूरच्या एसटीत बसलो तेव्हा मी ठरवलं होतं, वर्ध्यापर्यंत सांगायचं. वर्धा आलं, बाईंना डुलकी लागली होती. मी त्यांना उठवलं नाही.

केंद्रावर एका खोलीबाहेर बाक होता. बाई आत गेल्या, मी बाकावर बसलो. दार अजून उघडं होतं. तंबोरावाल्यानं विचारलं, "बाई, पट्टी कोणती?"

"काळी पाच." ते त्यांनी अशा ताठ आवाजात सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली.

तंबोरावाल्यानं सुरांची शिट्टी तोंडाला लावून फुंकली आणि खुंट्या पिळू लागला. खरी काळी पाच. माझ्या दुकानात तो सूर त्या जागी कित्येक महिने वाजला नव्हता. तंबोरा जुळायला निदान पाच मिनिटं लागली. दार उघडंच होतं. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, "चार घ्या." दोन शब्द. कुणी कारण विचारलं असतं, बाईंनी विचारलंच असतं, आणि मला ते सांगावं लागलं असतं.

मी उठलो. शिपाई म्हणाला, "पाणी पाहिजे का? माठ तिकडे आहे."

मी माठाकडे गेलो आणि पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा दार लागलं होतं.

दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. पदर डोक्यावर घेतला, चपला पायात घातल्या, म्हणाल्या, "चला."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. वर्धा मागं पडल्यावर म्हणाल्या,

"मास्तर, सा-च जड लागला. आपलाच सा असून असा जड लागला, जसा कोणाचा दुसऱ्याचा डोक्यावर घेतला. वरच्या मध्यमाले फाटला गळा. दोन बार फाटला. काचेमागं ते लोक एकमेकाकडं पाहून राह्यले होते."

"होतं असं पहिल्यांदा."

"तुमच्यासमोर कधी झालं?"

"नाही."

"मंग मी भ्यायले. दुसरं काय असन? इतक्या मांडवात गायले, पण तिथं भ्यायले. तांड्यावरची ते तांड्यावरचीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या, माझ्या पेटीची काळी पाच दाबली आणि तीच गाणी गायली. गळा कुठंही फाटला नाही. पेटीवर हात ठेवून बसल्या आणि मान हलवली. "पाह्यलं? गळा बराबर हाय. भेवच होतं."

रेडिओचं पत्र आलं. निवड झाली नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा येता येईल, असं त्यात होतं. बाईंनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांनी मनावर घेतलं. भीती घालवायची म्हणून त्या मंडळांच्या पोरांना पुढे बसवून त्यांच्याकडे बघत गायच्या. मीही ठरवलं. ही संधी वाया जाऊ द्यायची नाही. आधी पेटी दुरुस्त करायची, मग बाईंना समोर बसवून सगळं सांगायचं आणि दोघांनी मिळून चारमध्ये तयारी करायची. सांगितल्यावर त्यांना विश्वास बसावा म्हणून पेटी आधी नीट करणं बरं, असा माझा विचार होता. आज वाटतं, सांगणं आणखी एक दिवस पुढं ढकलायला मी तो काढला असावा.

एका दुपारी मी सगळे सूर पुन्हा दोन घरं डावीकडे आणले. स्वर तपासले. पेटी खरी झाली. सकाळी बाई आल्या की पेटीला हात लावण्याआधी सांगायचं, हे नक्की होतं.

सकाळी मी मागच्या मोरीत आंघोळीला गेलो होतो. बाई रोजच्यापेक्षा लवकर आल्या. दुकानात एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन शिकवणी ठरवायला बसले होते. मला मोरीतून भात्याचा आवाज आला. मग सा. खरी काळी पाच, आणि त्यावर बाईंचा आवाज, ओढलेला. मी तसाच पंचा गुंडाळून बाहेर धावलो. तोवर त्या वरच्या मध्यमाला पोचल्या होत्या आणि तिथं गळा फाटला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा नुसती हवा आली.

त्यांनी पेटीचा भाता लावला, झाकण लावलं. माझ्याकडे पाहिलं. मी केसांतून पाणी गळत उभा होतो.

"भेव नवतं, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "गळाच गेला. तवाच जायला लागला असन. आता इथं बी फाटला."

आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

गृहस्थ म्हणाले, "काय झालं हो बाईंना?" त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती. गृहस्थच आधी म्हणाले होते, बाईंना पाचवर नेणारे मास्तर मुलीला बघायचे आहेत.

मी म्हणालो, "गळा बसला थोडा."

तेव्हापासून हे उत्तर आहे.

दोन दिवसांनी मी बाईंच्या खोलीवर गेलो. सांगायलाच गेलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "बाई, चारमध्ये गा. चारमध्ये तुमचा गळा अजून तसाच आहे. गाऊन तर पाहा."

"चारवर उतरू? बोर्डावर पाच लिहून? पाचवरून चारवर आलेली बाई उद्या तीनवर येते, लोक हेच म्हणतील. मी बी हेच म्हणीन." मग हसल्या. "तुमी वाईट नका वाटून घेऊ. तुमी तं नेलं होतं वर. माह्यानं टिकलं नाई."

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "येतो मग."

पार्टी त्या हंगामात मोडली. बाईंनी मंडळांना नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी भावाबरोबर केळापूरकडे गेल्या. तिकडे एका आश्रमशाळेत त्यांना स्वयंपाकाचं काम मिळालं. माझी शिकवणी वाढली. पुढे तीस वर्षं मी मुलींना शिकवलं, आणि येणारा प्रत्येक बाप तेच ऐकून आलेला असे.

साठचं दशक संपता संपता एकदा मी केळापूरला गेलो. या वेळी मी वाक्यं पाठ केली होती. एसटीत ओठ हलवत म्हणून पाहत होतो, शेजारच्या माणसाला वाटलं मी जप करतोय. शाळेवर पोचलो तेव्हा दुपारची जेवणं होऊन गेली होती. स्वयंपाकघराच्या मागून आवाज येत होता. बाई भांडी घासत होत्या आणि गात होत्या, तीन-चार मुली राख आणि पाणी देत होत्या. तीच बाभळीची ओळ. मी भिंतीशी थांबलो. पेटी नव्हती, तंबोरा नव्हता, पण इतकी वर्षं सूर बसवण्यात गेलेल्या माणसाला पट्टी ओळखायला काही लागत नाही. काळी चार होती. वरचा मध्यम आला, त्याच्या वरचा पंचमही आला, आणि तिथून त्या खाली येताना ओळ अशी वळवली की मुली हसून लोळल्या. आवाज पहिल्यापेक्षा भरलेला होता.

मी पुढे झालो. बाईंनी लगबगीनं हात धुतले, चहा ठेवला. मुलींना म्हणाल्या, "पाया पडा गं. हे माहे मास्तर. चारची होती मी, पाचवर नेली यायनं."

मुली पाया पडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले.

मुली गेल्यावर बाईंनी मला सरळ विचारलं, "मास्तर, तुमाले तं कळते. काय झालं असन हो तवा माह्या गळ्याले?"

पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. त्या वाट बघत होत्या, रागानं नाही, एखाद्या जुन्या दुखण्याविषयी डॉक्टरला विचारावं तशा. आणि मी म्हणालो, "हवा बदलली की होतं कधीकधी, बाई."

त्यांनी मान डोलावली. मला चहा दिला. एसटीपर्यंत पोचवायला आल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या गेल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं, त्यांच्या भाच्याकडून, बाजारात.

त्या दिवशी एसटीत जे पाठ केलं होतं, ते अजून पाठ आहे. ते इथं लिहितो.

बाई, तुमच्या गळ्याला काही झालं नव्हतं. तुम्ही भ्यायलाही नव्हता. तुमचा गळा काळी चारचा होता, तो मी कधी वर नेला नाही. मी पेटी खाली उतरवली आणि तुम्हाला खोटं सांगितलं. नागपूरला तंबोरा लागत होता तेव्हा दार उघडं होतं आणि मी बाहेर बसलो होतो. मला माहीत होतं. नंतर पेटी नीट केली तेही तुम्हाला न सांगता केली, म्हणून त्या सकाळी गळा फाटला. चूक सगळी माझी आहे. मला माफ करा, बाई.